उपाशी ठेवायची झाडं

आमच्या गॅलरीत काहीही वाया जात नाही. तांदळाचं धुवण मोगऱ्याला, चहाचा चोथा गुलाबाला, कांद्याच्या सालींचं पाणी कढीपत्त्याला, अशी आईची वाटणी ठरलेली. तीन वर्षांपूर्वी मी नर्सरीतून व्हीनस फ्लायट्रॅपची वाटीएवढी कुंडी आणली, तेव्हा आईने तिलाही त्याच पंगतीत बसवलं. "केवढंसं आहे रे, अंगी लागेल जरा," म्हणत रोज दोन चमचे धुवण. दीड महिन्यात झाड काळं पडलं. आईची माया त्याला बाधली.

कारण ही झाडं मुळातच दरिद्री जमिनीतली. फ्लायट्रॅप जगात आपसूक उगवतो तो फक्त अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिनात, नत्राचा कायमचा दुष्काळ असलेल्या ओल्या, रेताड मातीत. मुळांना काही मिळेना, तेव्हा पानं शिकारीला लागली. अशा मुळांना खत सोसत नाही, नळाच्या पाण्यातले क्षारही नाहीत. म्हणून दुसरं झाड आणलं ते पूर्ण पथ्यपाण्यासह: माती नाही, नुसतं पीट मॉस आणि परलाइट, कुंडीखाली ट्रे, ट्रेमध्ये बोटभर पावसाचं पाणी. साठवलेलं पाणी संपलं की डिस्टिल्ड. टीडीएस मीटरचा आकडा 50 च्या खाली हवा. आमच्या पिण्याच्या पाण्याचीही एवढी तपासणी कधी झाली नव्हती.

मग छंद वाढला. दवबिंदू आला, त्याच्या लालसर पानांवरच्या केसांना चिकट थेंब लगडलेले. डार्विनने 1875 साली कीटकभक्षी वनस्पतींवर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा भाग या दवबिंदूच्या कुळानेच व्यापला आहे. मग घटपर्णी आली. तिच्या सुरईवरचं झाकण मिटून माशी कोंडते, असं मी शाळेपासून समजत होतो. ते झाकण हलतसुद्धा नाही. पावसाचं पाणी आत भरू नये म्हणून धरलेली ती छत्री. माशी पडते ती निसरड्या काठावरून पाय घसरून.

घरी आलेले पाहुणे दोनच गोष्टी करतात. एक, "डास कमी झाले का?" असं विचारतात. नाही झाले. फ्लायट्रॅपच्या एका जबड्याला एक घास पचवायला आठवडा तरी लागतो. दुसरी, जबड्यात बोट घालतात. आतल्या केसाला एकदा स्पर्श झाला तर झाड गप्प राहतं. साधारण वीस सेकंदांत दुसरा झाला, तरच मिटतं. पावसाच्या एखाद्या थेंबाने फसायचं नाही, हा त्याचा हिशोब. आत धडपड चालू राहिली, तरच पाचकरस सुटतो. एक जबडा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो. पाहुण्यांची करमणूक त्याच्या पोटातून वजा होते.

पण खरी चपराक बसली ती कास पठारावर. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं मी कित्येक पावसाळे पाहत, फोटोत धरत आलो. तीही शिकारी निघाली! जांभ्या दगडावरच्या बोटभर मातीत तिच्या इवल्या पिशव्या दडलेल्या असतात. जवळून जाणारा सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराला लागला, की सेकंदाच्या हजाराव्या भागात आत ओढला जातो. पठारावरचा धुवांधार पाऊस मातीतलं सत्त्व धुऊन नेतो, म्हणून तिथेही हाच मार्ग. जिथे मोगरा तग धरणार नाही, तिथे ही गालिचे अंथरते. तिथून काडीही घरी आणायची नाही, हा माझा नियम. आमच्या कुंड्यांतलं सगळं नर्सरीत वाढलेलं.

यंदा डिसेंबरात फ्लायट्रॅपची पानं आखूड झाली, काही वाळली. माझाच हात खताच्या डब्याकडे जाऊ पाहत होता. थंडीत तो झोपतो, हे पुस्तकात वाचूनही धीर धरवत नव्हता.

आईने मात्र धुवणाचं पातेलं घेतलं, मोगऱ्याला दिलं, गुलाबाला दिलं आणि ट्रेपाशी क्षणभर थांबली. "तुझा उपास ना रे बाबा," म्हणाली आणि पुढे कढीपत्त्याकडे गेली.