पू बादलीत टाकू नका, तपासायला पाठवा




गळू झाले की चीर द्यायची, पू बादलीत टाकायचा आणि रुग्णाच्या हाती ‘भारी’ गोळ्यांची स्ट्रिप ठेवायची, ही पद्धत आता थांबली पाहिजे. अशा पुवात बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) हा जंतू असतो. तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. पेनिसिलिनला तो १९४०च्या दशकातच पुरून उरला. पुढे मेथिसिलिन आले आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यालाही न जुमानणारा स्टॅफ, म्हणजे एमआरएसए, आढळला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीतल्या मोठ्या रुग्णालयांत अलीकडे स्टॅफच्या ४० टक्क्यांहून अधिक नमुन्यांत एमआरएसए निघतो. तालुक्याच्या गावात हे प्रमाण किती, हे तिथले नमुने तपासल्याशिवाय कसे कळणार?

मी प्रयोगशाळेत काम करते. जंतू वाढवलेल्या प्लेटवर आम्ही औषधांच्या चकत्या ठेवतो. एरिथ्रोमायसिनच्या शेजारी ठेवलेल्या क्लिंडामायसिनभोवतीचे मोकळे वर्तुळ कधी कधी एका बाजूने चपटे, इंग्रजी डी अक्षरासारखे दिसते. एकटी चकती ठेवली असती तर क्लिंडामायसिन ‘चालते’ असाच रिपोर्ट गेला असता. प्रत्यक्षात उपचार सुरू असताना ते निकामी ठरू शकते. ही साधी चाचणी प्रत्येक लॅबने करावी. व्हँकोमायसिनचा निर्वाळा मात्र चकतीवरून देऊच नये, त्यासाठी एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण, मोजावे लागते.

‘आधीच जोरदार औषध दिले तर बिघडले काय?’ असे अनेकजण विचारतात. बरेच बिघडते. स्टॅफ साधा, म्हणजे एमआरएसए नसलेला, असेल आणि संसर्ग रक्तात पोहोचला असेल, तर क्लोक्सासिलिन, सेफाझोलिन ही जुनी औषधे व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरतात. लिनेझोलिड तर औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठी हवे असते. ते साध्या गळवांवर उधळणे मला अक्षम्य वाटते.

रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, हे खरे. पण म्हणून कोणी उपचार थांबवा म्हणत नाही. ताप असेल, मधुमेह असेल, लाली पसरत असेल तर औषध लगेच सुरू करावे. फक्त नमुना पहिल्या डोसाआधी घ्यावा आणि रिपोर्ट आल्यावर औषध बदलायची तयारी ठेवावी. लहान गळवाला तर अनेकदा पू नीट काढणे एवढेच पुरते, कल्चरही (जंतू वाढवून केलेली तपासणी) नको आणि अँटिबायोटिकही नको.

नमुना पाठवायचा कुठे, ही खरी अडचण आहे. म्हणून आरोग्य विभागाने ग्रामीण रुग्णालयांतले नमुने रोज जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेण्याची सोय करावी, तपासणी मोफत ठेवावी आणि कोणता जंतू कोणत्या औषधाला दबतो याचा जिल्हावार तक्ता दरवर्षी सर्व डॉक्टरांना द्यावा. वाचकांनाही विनंती, मोठे किंवा पुन्हा पुन्हा होणारे गळू फोडताना डॉक्टरांना अवश्य विचारा: “पू कल्चरला पाठवता का?”

— एक वाचक, सातारा