हप्त्याचं घरी सांगितलंत?
नोकरी लागली, नवा मोबाईल आला, मित्रांना पार्टीही झाली. वर्षभरानं बँकेचा एसएमएस येतो : एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू! महाड-पोलादपूरहून मुंबई-पुण्यात आलेल्या कित्येकांची हीच स्टोरी.

शिकताना हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर चालूच असतं. चार वर्षांच्या कोर्सला दर वर्षी सुरुवातीला 1 लाख उचलले, सरळव्याज 10 टक्के धरलं, तर कोर्सनंतरचं सवलतीचं वर्ष संपेपर्यंत नुसतं व्याज होतं 1 लाख 40 हजार!

फोनवर बाबा विचारतात, ‘‘बरं चाललंय ना?’’ आपण म्हणतो, ‘‘मस्त!’’ पण सहकर्जदार म्हणून सही त्यांचीही असते. हप्ते थकले की सिबिल स्कोअर त्यांचाही घसरतो. मग लपवायचं कुणापासून?

आणि लाज तरी कसली? 1920 मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब आंबेडकर पुन्हा लंडनला गेले, ते मित्र नवल भथेना यांच्याकडून 5 हजार रुपये कर्ज घेऊन. 1927 मध्ये तेच महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते.

तेव्हा हप्ता जड जातोय? थकण्याआधीच बँकेत जा, मुदत वाढवून मिळते का विचारा. आणि त्याआधी घरी फोन करा. ‘मस्त’ नको, आकडा सांगा.