कासाळ्याला बटण नसते

चवथ जवळ आली की आमच्या वाड्यावर आरतीच्या तालमी सुरू होतात. परवाच्या तालमीला गेलो तर घुमटे होती, शामेळ होते, पण कासाळे दिसेना. विचारले, तर एक तरणाताठा मुलगा ऑक्टोपॅडकडे बोट दाखवून म्हणाला, "हांगा हाय-हॅट आसा न्हू, काका! कांसाळें कित्याक जाय? ह्याचो आवाज कसो क्रिस्प येता पळय!"

मुलगा गुणी आहे, हात तयार आहे. म्हणून तिथे काही बोललो नाही. इथे मात्र बोलणार आहे, कारण हा एका वाड्याचा प्रश्न राहिलेला नाही.

मंडळी, आधी हे 'क्रिस्प' प्रकरण काय आहे ते पाहू. ऑक्टोपॅडवर काठी मारली की जो 'चिक्' ऐकू येतो, तो त्या रबराचा नव्हे. कुणीतरी, कुठेतरी, खऱ्या धातूच्या झांजा वाजवल्या, त्यांचे ध्वनिमुद्रण त्या पेटीत भरले आहे. म्हणजे आपण कासाळे बाहेर काढले आणि त्याच्या जागी दुसऱ्याच्या कासाळ्याची छापील प्रत आणून बसवली. वर पुन्हा 'आधुनिक झालो' म्हणायचे!

बरे, तो मूळचा हाय-हॅट कसा वाजतो? एका दांड्यावर दोन झांजा, खालची स्थिर, वरची पायाच्या पेडलने वरखाली होणारी. बहुधा 14 इंची. 13 इंची घेतली तर आवाज जरा आटोपशीर येतो. सहसा वरची पातळ आणि खालची जड असते. पातळ झांज चटकन बोलते, जड झांज आवाजाला धार देते. आणि खरी गंमत पुढेच आहे. दोन्ही झांजा तंतोतंत एकमेकींवर बसल्या तर मधली हवा कोंडते आणि 'चिक्'ऐवजी नुसते 'भप्प' येते. म्हणून खालच्या झांजेखाली एक लहानसा स्क्रू असतो. तो फिरवून तिला किंचित तिरके करतात, म्हणजे हवेला वाट मिळते. काही कंपन्या खालच्या झांजेला भोके पाडतात, काही तिची कड नागमोडी करतात. सगळा खटाटोप हवा निसटावी म्हणून. पेडल आवळून काठीचे टोक वरच्या अंगावर मारले की स्वच्छ 'चिक्', सैल सोडून कडेवर काठी मारली की 'छ्श्श'. यात बटण कुठेच नाही. धातू आहे, पाय आहे, हात आहे.

आता आपल्या कासाळ्याकडे या. जुना वाजवणारा दोन्ही ताटल्या कधीच समोरासमोर आपटत नाही. एक स्थिर धरतो, दुसरी जरा तिरकी आणतो, कडा किंचित सरकवून भेटवतो आणि लगेच सोडतो. का? तेच कारण, हवा कोंडू नये! बोटे दोरीवर, तळवा ताटलीपासून दूर. तळवा टेकला की नाद मेला. ही विद्या त्याला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. आजूबाजूच्या चार कानांनी "बरे वाजत नाही रे" म्हणून सांगितले, त्यातून ती आली.

धातूचेही तसेच. कासाळे हे नावच कांशाचे. कासे म्हणजे ढोबळमानाने 80 टक्के तांबे आणि 20 टक्के कथील. चांगल्या प्रतीच्या पाश्चात्त्य झांजांचाही हाच मेळ आहे. पितळेत कथिलाऐवजी जस्त येते, वस्तू स्वस्त होते आणि नाद बोथट होतो. आपण स्वस्तातली पितळी जोडी आणतो, वर्षभर देवळाच्या कोनाड्यात समईच्या तेलात आणि धुळीत टाकतो, चवथीला काढून सणसणीत आपटतो आणि म्हणतो, कासाळ्याला आवाज नाही! यात दोष कासाळ्याचा की आपला?

विरोधकांचे एक म्हणणे मला मान्य आहे. अलीकडे कासाळे म्हणजे ठोकाठोक झाली आहे. लहानशा खोलीत पाच-सहा जोड्या, प्रत्येकाची लय वेगळी, वर माईक अगदी तोंडाशी. घुमटाचा 'घुम्' त्यात बुडून जातो, म्हाताऱ्या माणसांचे कान दुखतात. पण वाईट वाजवणाऱ्याला उपाय म्हणजे चांगले वाजवायला शिकवणे. वाद्यच हद्दपार करणे हा उपाय कुठला? केरळच्या पंचवाद्यात इलत्ताळम म्हणजे कांशाचे जाडजूड ताळ असतात. ते कर्कश वाटतात म्हणून कुणी पाचाचे चार केले नाहीत.

आणि माझे खरे दुखणे निराळे आहे. घुमट सगळ्यांना येत नाही, शामेळ तर त्याहून नाही. गळा तर देवाने मोजक्यांनाच दिला. पण ज्याला काहीच येत नसे, त्याच्या हातात कासाळे दिले जाई. दहा वर्षांचा पोर तिथूनच लय शिकायचा, समेवर यायला शिकायचा, आणि शब्द ऐकता ऐकता मराठी आरत्या त्याला तोंडपाठ व्हायच्या. गोव्यात कित्येक घरांत मराठी शाळेतून गेली, पण आरतीतून गेली नाही, त्याचे थोडे श्रेय या दोन ताटल्यांना आहे. ऑक्टोपॅड एकच माणूस वाजवतो. बाकीचे वीस जण काय करतात? मोबाइलवर त्याचे चित्रण करतात.

2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, आनंद आहे. पण घुमट एकटे कधी वाजले होते? त्याच्या शेजारचा 'छन्' गेला तर उरतो तो स्टेजवरचा नमुना.

असो. फार बोललो. ऑक्टोपॅड शिगम्याच्या ऑर्केस्ट्रात खुशाल वाजवा, माझी तक्रार नाही. आरतीला मात्र कांशाची एकच चांगली जोडी विकत घ्या, पाच नकोत. कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. माईक दोन हात लांब ठेवा. आणि ती जोडी वाड्यावरच्या सगळ्यात लहान पोराच्या हातात द्या. पहिले दोन दिवस तो चुकेल. चुकू दे. आपणही चुकतच शिकलो होतो, आणि तेव्हा कुणी आपल्या हातून कासाळे काढून घेतले नव्हते.