आधी पंगत, मग वर्ग

यंदाच्या अंकासाठी ‘आमचं कॉलेज’ हा विषय ठरला आणि पुण्या-मुंबईच्या दगडी इमारतींची नावं भराभर निघाली. आम्हाला मात्र साताऱ्यापासून सुरुवात करावीशी वाटली.

साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज जून १९४७ मध्ये सुरू झालं. रयत शिक्षण संस्थेचं हे पहिलं कॉलेज. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्था काढली होती १९१९ साली, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी. साताऱ्यातलं बोर्डिंग १९२४ चं, मोफत निवासी हायस्कूल १९४० चं. म्हणजे कॉलेजआधी दोन तपांहून अधिक काळ चूल पेटत होती. निरनिराळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवत होती. त्या चुलीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. आज आधी कमान उभी राहते, तिच्यावर आमदारसाहेबांच्या वडिलांचं नाव चढतं, मग प्राध्यापकांची शोधाशोध. कर्मवीरांनी हा क्रम नेमका उलटा ठेवला होता.

भाऊराव स्वतः मॅट्रिकही नव्हते. किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले होते; शेतकऱ्याच्या घरात फीचे पैसे का नसतात, हे त्यांना कुठल्या अहवालात वाचावं लागलं नाही. म्हणून कॉलेजातही ‘कमवा आणि शिका’ आलं. या योजनेचे गोडवे व्यासपीठावरून फार गायले जातात. दिवसा शेतात राबलेल्या पोराला रात्री शेक्सपिअर वाचताना डुलकी लागत असणारच, हे कोणी सांगत नाही. तरी एक खरं, त्या पोराला कुणाच्या उपकाराखाली मान घालावी लागली नाही.

पुढे भाऊरावांनी सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचं अनुदान थांबलं, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या लोकांनी वर्गणी काढली. १९५४ साली कऱ्हाडला दुसरं कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं गाडगे महाराजांचं. १९५९ साली कर्मवीर गेले.

आज तालुक्या-तालुक्यात कॉलेज आहे, आणि त्यांतले कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर चालतात. अंकातल्या दोन लेखांत त्यांचंच म्हणणं आहे. ते आधी वाचा. आणि तुमच्या गावचं कॉलेज कोणी, कुणाच्या वाड्यात, कुणाच्या वर्गणीतून काढलं हे सांगणारी माणसं अजून आहेत, तोवर ते लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.



— संपादक