उन्हाळा आणि मनाची औषधे

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा मनोविकारांवर नियमित औषधे घेणाऱ्यांच्या दृष्टीने ऊन हा औषधाच्या मात्रेचाही प्रश्न ठरतो. उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या द्विध्रुवीय विकारात, १९४९ मधील ऑस्ट्रेलियन डॉक्टर जॉन केड यांच्या प्रयोगांनंतर रूढ झालेले लिथियम हा मूलतः एक क्षार असून, त्याच्या उपयुक्त आणि विषारी पातळ्यांत अंतर फार थोडे असते. पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात दिवसभर धसकटे वेचणाऱ्या मजुराच्या अंगातील पाणी व मीठ घामावाटे गेले, की मूत्रपिंडे सोडियमबरोबर लिथियमही रोखून धरतात आणि हात जोराने थरथरणे, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. अंगदुखीवर परस्पर घेतलेली आयब्युप्रोफेनची गोळीही ही पातळी वाढवते. भास-भ्रमांवरील क्लोरप्रोमाझिनमुळे तर त्वचा उन्हाने लवकर भाजते.

तथापि धास्तीने औषध एकाएकी सोडल्यास विकार उलटतो, म्हणून तो उपाय नव्हे; खरा उपाय नियमित देखरेखीचा. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांतल्या ‘विश्राम’ उपक्रमात उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. उपचार गावात पोहोचू शकतात, तर त्यांवरील देखरेखही पोहोचली पाहिजे. लिथियम घेणाऱ्यांनी पाणी भरपूर प्यावे, मीठ अचानक तोडू नये आणि उन्हाळा लागताच डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्यावे.