चीनला गेलेले कोटणीस आणि आजचे एजंट

भैय्या चौकाजवळचं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आता स्मारक झालंय. आपल्यापैकी कितीजणी आत जाऊन आल्यात? मी सोलापूरची, पण इतकी वर्षं रिक्षातून नुसती बाहेरूनच बघत होते. परवा आत गेले, त्याला कारण घडलं.

आमच्या कामवाल्या मावशी विचारत होत्या, ‘ताई, रशियात हेल्परचं काम आहे म्हणतोय एजंट. लाखाच्या वर पगार. पोराला पाठवू का?’ ऐकून पोटात धस्स झालं. अशीच हेल्परची, सुरक्षारक्षकाची नोकरी म्हणून गेलेली आपली पोरं युक्रेनच्या आघाडीवर नेऊन उभी केली गेली. सही घेतलेले कागद रशियन भाषेत! रशियाच्या सैन्यात 126 भारतीय गेल्याचं, त्यातले 12 मारले गेल्याचं आणि 16 बेपत्ता असल्याचं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेच जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. 96 जण तेवढे परत आले होते.

परक्या देशाच्या युद्धात कोटणीसही गेले. पण ते जाणं वेगळं होतं.

1938 साल. जपानने चीनवर आक्रमण केलेलं, आणि चीनमधलं सरकार व कम्युनिस्ट यांचं आपसातलं जुनं वैर जेमतेम झाकलेलं. म्हणजे घरात भांडण आणि दारात दरोडेखोर. चिनी सेनापती जू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी आवाहन केलं, लोकांनी 22 हजार रुपये जमवले आणि पाच डॉक्टर निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल तर स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. कुठे जायचंय, कशासाठी जायचंय, हे त्या पाचही जणांना पक्कं ठाऊक होतं. मला हाच फरक सगळ्यात मोठा वाटतो.

तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली. कोटणीस परतले नाहीत. (घरच्यांना काय वाटलं असेल, हे मात्र सिनेमात नीट दिसत नाही.) बाकीचे चौघे पुढेमागे मायदेशी आले, हे कम्युनिस्टांच्या एट्थ रूट आर्मीतच राहिले, चिनी भाषा शिकले, 1941 मध्ये बेथून रुग्णालयाचे संचालक झाले. ज्यांच्या नावाचं ते रुग्णालय, ते डॉ. नॉर्मन बेथून कॅनडाचे. तेही स्पेनहून चीनला आलेले आणि तिथेच वारलेले.

त्याच वर्षी कोटणीसांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. कोटणीसांना फिट्स येत होत्या, तरी काम थांबलं नाही. 9 डिसेंबर 1942 ला त्यातच ते गेले. वय अवघं 32, आणि बाळ साडेतीन महिन्यांचं.

शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ आपण पाहिलाय. पण छिंगलानची कहाणी पुढे कितीतरी वर्षं चालली. यिनहुआही डॉक्टर होणार होता. शिक्षण संपत आलेलं असताना, 1967 मध्ये तोही गेला. त्या मात्र 2012 पर्यंत जगल्या आणि सासरच्या माणसांना भेटायला भारतातही येऊन गेल्या. आपणहून, समजून-उमजून गेलेल्या माणसाच्या घरालासुद्धा एवढं सोसावं लागलं. मग फसवून नेलेल्यांच्या आयांनी कोणाकडे बघायचं? त्यांच्या पोरांना ना ध्येय माहीत, ना शत्रू.

मावशींना मी म्हटलं, ‘एजंटकडे सरकारी नोंदणीचा नंबर मागा, तो ई-मायग्रेटच्या वेबसाइटवर तपासून घेऊ. करार आपल्याला वाचता येईल अशा भाषेत हवा. आणि पासपोर्ट त्याच्या हातात ठेवायचा नाही.’ त्यांनी नंबर मागितला. तेव्हापासून एजंट फोन उचलत नाही. पोरगा मात्र आईवर रुसलाय, चांगली नोकरी घालवली म्हणून.