सायकलवर पिशवी कुठे लावाल?

दोस्तांनो, दूधवाल्याची सायकल कधी नीट न्याहाळली आहे का? कॅरियरच्या डावीकडे एक कॅन, उजवीकडे एक कॅन, दोन्ही पार खाली, मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत लोंबणारे. आता तुमची सायकल आठवा. आईनं वाण्याकडे पाठवलं, की येताना पिशवी हँडलच्या एका मुठीला अडकवायची आणि मारायची टांग! मग दूधवाला एवढं दूध घेऊन सरळ जातो आणि तुमची सायकल दोन किलो साखरेनं का हेलकावते?

गंमत अशी, की ओझं किती आहे याइतकंच ते कुठे आहे यालाही महत्त्व असतं. करून पाहा ना. मोकळ्या मैदानात हँडलच्या उजव्या मुठीला दप्तर अडकवा. आता सायकलवर बसू नका. फक्त सीटला धरून ती हळूच पुढे ढकला. बघा, हँडल आपणहून उजवीकडे वळतं! हँडलचा दांडा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. म्हणून एका मुठीवरचं वजन खाली जाता जाता हँडललाही फिरवतं. त्यात पिशवी झोके घेऊ लागली, की प्रत्येक झोक्याला हँडलला हिसका. आणि ती पुढच्या चाकाच्या तारांत अडकली तर? चाक जागच्या जागी थांबतं, पण तुम्ही थांबत नाही. थेट हँडलवरून रस्त्यावर! दात पडतात, हात मोडतात. साखर सांडते ती वेगळीच.

"पण मुंबईचे डबेवालेसुद्धा हँडलला डबे लावतात की!" लावतात ना. पण दोन्ही बाजूंना लावतात, आणि त्यांचा हात वर्षानुवर्षांच्या सरावानं बसलेला असतो. आपला नसतो.

मग पुढे बास्केट लावली तर? पिशवीपेक्षा ती नक्कीच बरी. ओझं मधोमध राहतं, झोके घेत नाही, डोळ्यांसमोर असतं. पण बास्केट हँडलला जोडलेली असेल, तर हँडल वळवताना दर वेळी ओझंही वळवावं लागतं. जड सामान भरलंत तर हँडल जड होतं, आणि स्टँडवर लावलेली सायकल मान टाकून धाडकन पडते. म्हणून हँडलच्या बास्केटमध्ये हलकंफुलकंच ठेवायचं: पाव, पालेभाजी, एखादी वही.

पूर्वी इंग्लंडमध्ये पाव आणि मटण घरोघरी पोचवणाऱ्या पोरांच्या सायकलींना यावर छान तोड काढलेली होती. अशा सायकलीचं पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान असायचं. त्यामुळे वर भलीमोठी टोपली बसायची आणि तरी ती फार उंच जायची नाही. शिवाय टोपली हँडलला नाही, सायकलच्या सांगाड्याला जोडलेली! हँडल कसंही वळवा, टोपली आपली जागेवर.

जड सामानाची जागा मागे, आणि शक्य तितकी खाली. कारण सायकल जरा कलली, की उंचावरचं ओझं जास्त बाहेर झुकतं. मग चढता-उतरताना सावरायला जास्त जोर लागतो. एकच मोठी पिशवी करण्यापेक्षा दोन सारख्या पिशव्या करा आणि कॅरियरच्या दोन्ही बाजूंना पक्क्या बांधा. जुन्या ट्यूबची पट्टी त्यासाठी झकास! मात्र तिचं टोक किंवा पिशवीचा बंद लोंबत ठेवू नका, नाहीतर तोही तारांत जाईल. ओझं फार मागेही नको. पुढचं चाक हलकं झालं तर चढावर हँडल डगमगतं.

आणखी दोन गोष्टी. ओझ्याची सायकल थांबायला जास्त अंतर घेते, म्हणून ब्रेक जरा आधीच लावायचे. आणि निघण्यापूर्वी मागच्या चाकात हवा भरून घ्यायची. आई-बाबा, तुम्हीही वाचताय ना? मुलांना सामान आणायला पाठवण्याआधी कॅरियरचे नट आणि ब्रेक एकदा तपासून द्या.

सायकल किती ओझं नेऊ शकते, ठाऊक आहे? १९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या लढाईच्या वेळी लोकांनी डोंगरातल्या वाटांनी सायकलींवरून तांदूळ आणि दारूगोळा नेला. एकेका सायकलवर दोनशे किलोहूनही जास्त! पण एक सांगू? त्या सायकलींवर कुणी बसतच नव्हतं. हँडलला एक लांब काठी बांधायची, सीटच्या जागी दुसरी उभी काठी, आणि शेजारून चालत सायकल ढकलायची. तेव्हा ओझं झेपेना, चढ आला, गर्दी लागली, तर खुशाल खाली उतरा. ढकलत नेण्यात कसला आलाय कमीपणा?

आता तुमची परीक्षा. सहा किलो बटाटे, दोन किलो साखर, डझनभर अंडी आणि कोथिंबिरीची जुडी घरी आणायची आहे. सायकलला पुढे छोटी बास्केट आहे, मागे कॅरियर आहे, आणि तुमच्याकडे दोन कापडी पिशव्या आहेत. काय कुठे ठेवाल? आधी कागदावर चित्र काढा, मग आई-बाबांना दाखवा. आणि अंड्यांचं उत्तर देताना रस्त्यातले खड्डे विसरू नका हं!